थांबलो की थांबले?

"थांबलो," वैशंपायन बाई म्हणाल्या. "थांबले नाही. थांबलो. पुन्हा घे."

हेरंबने माइक खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. माझी बोटं कीबोर्डवर तशीच दाबलेली राहिली होती, त्यामुळे सूर उगाच लांबत चालला होता. मी हात उचलला.

"बाई, गाणं एका बाईचं आहे," हेरंब म्हणाला. "ती म्हणते, मी इथेच थांबले."

"गाणारा कोण आहे?"

"मी."

"मग? एवढा सहा फुटी घोडा स्टेजवर येऊन 'मी थांबले' म्हणणार आणि लोक ऐकून घेणार? पुण्यात? प्रेक्षकांना चपला बाहेर काढायला सांगितल्यात म्हणून वाचशील फार तर."

सतरंजीवर बसलेली बाकीची मुलं खो खो हसली. हेरंबही जरासा हसला. मला मात्र हसू आलं नाही, आणि याला वीसेक वर्षं होऊन गेली तरी अजून येत नाही.

आम्ही दोघं तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका शाळेत संध्याकाळी जपानी शिकत होतो. वैशंपायन बाई आमच्या शिक्षिका. त्यांच्यासारखं व्याकरण शिकवणारं माणूस मी नंतर जपानातही पाहिलं नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल मी त्यांच्यावर जुना दात धरून बसलेय. दात आहेच, पण तो त्यांच्या व्याकरणावर नाही.

दरवर्षी एक भारत-जपान स्नेहमंडळ गाण्याची स्पर्धा घ्यायचं, आणि तिची सगळी व्यवस्था बाईंकडे असायची. जपानी गाणं म्हणायचं, आणि त्यातलं एक कडवं मराठीत करून तेही गायचं, म्हणजे प्रेक्षकांतल्या मामा-मावश्यांना काहीतरी कळावं. एरवी पहिलं बक्षीस म्हणजे शब्दकोश आणि पेढे. त्या वर्षी मंडळाला कुठूनसा देणगीदार मिळाला होता. पहिल्या येणाऱ्याला डिसेंबरात तोक्योचं विमानाचं तिकीट आणि तिथल्या एका कुटुंबात पंधरा दिवस राहायची सोय. जोडीने गाणाऱ्यांतल्या गायकाला तिकीट, साथीदाराला शब्दकोश.

हेरंब टिकेकरला ते तिकीट हवं होतं. हवं होतं म्हणजे काय, त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं. डिसेंबरात तोक्योला त्याच्या लाडक्या जपानी बँडचा शेवटचा कार्यक्रम होता. गिन नो तोगे, म्हणजे चांदीचे काटे. त्यानंतर ते पाचही जण पांगणार होते.

मिहोको नावाची एक मुलगी संस्कृत शिकायला पुण्यात आली होती. परत जाताना तिने बुटांच्या खोक्यात भरून आपल्या सीड्या हेरंबला देऊन टाकल्या. व्हिज्युअल केई म्हणतात त्या गाण्यांना. ऐकण्याइतकंच पाहायचंही रॉक. नव्वदच्या दशकात त्या गाण्यांनी जपानातली मोठमोठी मैदानं भरत होती आणि इथे पुण्यात ती ऐकणारे आम्ही दोघं. गाणी आठ-आठ, दहा-दहा मिनिटांची. आधी एकटा पियानो. मग व्हायोलिनं येतात, तुम्ही डोळे मिटता, आणि तेवढ्यात ड्रमवाला दोन्ही पायांनी अंगावर धावून येतो. मधेच सगळं बंद. गाणारा कानाशी येऊन कुजबुजतो. आणि मग अशी एक किंचाळी, की हेरंबच्या शेजारच्या काकू भिंतीवर लाटणं आपटायच्या. हे सगळं करणारे पुरुष. केस शेंदरी, अंगावर झालरी आणि कातडं, ओठ रंगवलेले, डोळ्यांत हे एवढं काजळ. सीडीवरचं चित्र पाहून माझी खोलीतली मैत्रीण म्हणाली होती, "यातली गाणारी कोणती?" मी म्हटलं, "सगळेच बाप्ये आहेत." तिने सीडी उलटी करून ठेवली.

त्या खोक्यातलं एक गाणं आम्ही निवडलं. त्याला आम्ही आपलं कुलपाचं गाणं म्हणायचो. सोडून गेलेल्या माणसाकडे खोलीची एक किल्ली राहिलेली असते. तो येणार नाही हे कळतं, तरी गाण्यातली बाई कुलूप बदलत नाही. एवढंच गाणं. आणि ते गाणारा होता काळ्या ओठांचा, घोगऱ्या आवाजाचा पुरुष.

आता गंमत बघा. जपानीत क्रियापदाला लिंग नसतं. आलो, आले, सगळं एकच. पण 'मी' मात्र त्यांच्याकडे ढीगभर. पुरुषी 'मी' वेगळा, पोरासोरांचा वेगळा, बायकी वेगळा. त्या गाण्यात तो रंगवलेला बुवा सरळ 'आताशी' म्हणतो. बायकी 'मी'. मराठीत 'मी' कुणाचाच नाही, पण क्रियापद लगेच चुगली करतं. हेरंब आणि मी कितीतरी संध्याकाळी त्यावर डोकं फोडलं. 'माझं थांबणं चालूच आहे' करून पाहिलं, तर ते एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखं वाटायला लागलं. शेवटी हेरंब म्हणाला, "आडवळण कशाला? ती बाई आहे ना, मग थांबले." आणि कडवं असं झालं:

खोलीत तुझं काही नाही,
कोट नाही, काडेपेटीही नाही.
कुलूप तेवढं तेच ठेवून
मी इथेच थांबले.

बाईंनी लाल पेन न उचलता नुसत्या तोंडाने त्यातली एक मात्रा फिरवली.

"बाई," मी पुढे झाले, "मूळ गाण्यात 'आताशी' आहे. तुम्हीच शिकवलंत, सर्वनाम सोडून भाषांतर करायचं नाही."

"शिकवलं. पण कुठे काय शोभतं हेही शिकवलं."

"कीर्तनात बुवा गवळण म्हणतात. मिशा असतात, उपरणं असतं, आणि 'मी बावरले, मी भुलले' चाललेलं असतं. तेव्हा लोक हसत नाहीत. टाळ्या वाजवतात."

"ते देवाचं आहे."

"म्हणजे देवासाठी बाई झालेलं चालतं, गाण्यासाठी नाही?"

"पद्मजा मगदूम," बाई म्हणाल्या. त्या पूर्ण नावाने हाक मारायच्या तेव्हा वर्गातला पंखासुद्धा हळू फिरायचा. "तू तर या विषयावर बोलूच नकोस. कोल्हापूरहून आलीस तेव्हा 'मी आलो', 'मी जेवलो' करत होतीस. मुलीच्या जातीने! वर्षभर घासून घासून मी तुझं 'आले' केलं."

हे खरं होतं. आमच्याकडे बायका 'मी जातो की' म्हणतात. माझी आई म्हणते, आजी म्हणायची, आणि त्यामुळे कुणाच्या बाईपणात काडीचा फरक पडला नाही. पुण्यात आल्यावर मात्र मी तोंड उघडलं की वर्ग फिस्कारायचा. मी निमूट शिकले. आताही लिहिताना 'शिकले' लिहितेय, बघा. ते बाईंचंच देणं.

"म्हणजे मला 'आलो' बंद, आणि त्याला 'थांबले' बंद," मी म्हटलं. "शब्द तेच आहेत बाई. नुसते कुणाच्या तोंडात जातात त्यावर तुमचा पहारा."

सतरंजीवर आता कुणी हसत नव्हतं. परीक्षकांपैकी ओकुदा-सान तालीम बघायला आल्या होत्या. एका जपानी कारखान्यातल्या साहेबांची बायको, फार गोड बाई. बाईंनी त्यांना जपानीत विचारलं, तुम्हाला हे कसं वाटतं? ओकुदा-साननी हेरंबच्या डोळ्यांतल्या काजळाकडे पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, "हादे देस ने." म्हणजे, भडक आहे, नाही का.

"बघ," बाई म्हणाल्या. "त्यांच्या देशातलं आहे, आणि त्यांनाही चालत नाही."

भडक आहे म्हणाल्या होत्या, चालत नाही कुठे म्हणाल्या? पण एव्हाना बाईंनी तोडगा काढला होता. त्यांनी तो असा सांगितला, की जणू साखरच वाटतायत.

"असं करू. हेरंब जपानी गाईल. मधे ती कुजबुज आहे ना, तिथे मराठी कडवं पद्मजा म्हणेल. मुलगी 'थांबले' म्हणाली तर प्रश्नच येत नाही. भाषांतरही तुमचंच राहिलं, शब्दही तोच राहिला. काजळ हवं तर लाव थोडं, स्टेजवर दिवे असतात. झालं समाधान?"

तोंडाला रंग चालणार होता. क्रियापदाला नाही.

"चालेल," हेरंब म्हणाला.

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली.

फाटकाबाहेर स्कूटरला किक मारण्याआधीच मी त्याला धरलं. "चालेल? काय चालेल? शेंडी तुटो की पारंबी तुटो म्हणत होतास ना गेले दोन महिने?"

"पद्मा, तिकीट आहे गं ते."

"आणि गाणं?"

"गाणं तसंच आहे. तोच शब्द आहे. तू म्हणशील."

"मी म्हटलं तर कुणाला ऐकूच येणार नाही! बाईने बाईचं म्हटलं, त्यात काय? अरे, त्या गाण्यात आहे काय दुसरं? एवढा बाप्या माणूस स्वतःला विसरून 'मी थांबले' म्हणतो, ऐकणाऱ्याच्या पोटात तिथे खड्डा पडतो. तो खड्डाच बुजवून टाकला त्यांनी, आणि वर आपल्याकडूनच बुजवून घेतायत."

हेरंब बराच वेळ स्कूटरचा आरसा पुसत राहिला. आरसा स्वच्छच होता.

"मी गातो ना, तेव्हा मी ती असतो," तो म्हणाला. "मला ते कुणाला समजावता येत नाही. घरी आबांनी विचारलं होतं, तुला बायकांसारखं व्हायचंय का. मी म्हटलं नाही. मग ते म्हणाले, मग कशाला? काय सांगू? डिसेंबरात तिथे मैदानात हजारो माणसं असतील, आणि त्यातल्या एकालाही 'कशाला' म्हणून सांगावं लागणार नाही. मला एकदा तिथे उभं राहायचंय. त्यासाठी एक शब्द दिला तर दिला."

माझा राग आता चौफेर होता. बाईंवर, ओकुदा-सानच्या गोड हसण्यावर, आबांवर आणि हेरंबवरसुद्धा. रात्रभर मी तो तव्यावर परतत राहिले.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. पुढच्या रांगेत शाली पांघरलेले आजोबा, मागे वर्ग, त्याच्या मागे आयांचा घोळका. आमच्या आधी सुहृद नावाचा एक मुलगा रेशमी झब्बा घालून फुलांवरचं एक साधं गाणं हात जोडून म्हणून गेला. छान म्हटलं. मराठी कडव्यात 'मी पाहिला वसंत' होतं, म्हणजे तिथे लिंगाची भानगडच नाही. मला त्या मुलाचासुद्धा राग आला.

हेरंब आला तेव्हा आधी कुजबुज झाली. काळा सदरा, डोळ्यांत काजळ, आणि 'थोडं' या शब्दाचा त्याने आपल्याला सोयीचा अर्थ घेतलेला. मी पियानोची सुरुवात वाजवली. तो गायला लागला आणि कुजबुज थांबली. हेरंबचा आवाज चांगला होता हे मी सांगायला हवं. रागाच्या भरात ते सांगायचं राहूनच जातं. वरच्या पट्टीत तो जरासा फाटायचा, आणि फाटायचा तिथेच खरा वाटायचा.

मग कुजबुजीची जागा आली. हेरंब माइकपासून दोन पावलं मागे सरला. ती मागे सरायची त्याची पद्धत बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. आपल्याच घरात पाहुण्याला जागा करून द्यावी तसा तो सरला होता. मी माइक पुढ्यात ओढला.

"खोलीत तुझं काही नाही," मी म्हटलं, "कोट नाही, काडेपेटीही नाही. कुलूप तेवढं तेच ठेवून मी इथेच थांबलो."

मुद्दाम केलंस का, असं लोक अजून विचारतात. नाही. रागात मी पुण्याची राहत नाही, एवढंच. पोटातून बोलायचं तर आईच्याच भाषेत येणार ना.

मग पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी मान वर केली.

"थांबले!" ते म्हणाले.

"थांबले म्हण बाळ," दुसरे म्हणाले, "थांबलो काय?"

पुण्यात माणूस एकवेळ भरल्या ताटावरून उठेल, पण चुकीचं क्रियापद ऐकून गप्प बसणार नाही. मागून मुलं ओरडली, "थांबले!" आयांच्या घोळक्यातून आलं, "अगं, थांबले!" शेवटी सगळं सभागृहच शाळेतल्यासारखं एका सुरात, "थांबले! थांबले!" विंगेत वैशंपायन बाई वेळ संपल्याची घंटा हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांचेही ओठ हलले. सवय कुठे जाते?

हेरंब दोन पावलं पुढे आला. शेवटचं कडवं जपानीत म्हणायचं ठरलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माइक हातात घेतला आणि तेच मराठी कडवं सुरांत उचललं. काडेपेटीपर्यंत तो अगदी खालच्या आवाजात होता. कुलपापाशी चढला.

"मी इथेच थांबले."

कुणी हसलं नाही. आत्ताच ज्यांनी तो शब्द ओरडून मागितला होता, ते हसणार कुठल्या तोंडाने? हेरंबने ती ओळ पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा त्याचा आवाज फाटला, आणि पहिल्या रांगेतले आजोबा शाल सावरायची सोडून नुसते बघत राहिले. पोटात खड्डा पडतो म्हणाले होते ना मी, तो सगळ्या सभागृहाच्या पोटात पडलेला मला स्टेजवरून दिसला. बाईंची घंटा वाजली नाही.

टाळ्या खूप झाल्या. उतरल्यावर हेरंब डोळे चोळत होता. घामाने काजळ डोळ्यांत गेलं होतं.

"निकाल तू ऐक," तो म्हणाला. "माझ्याच्यानं बसवणार नाही. मी बाहेर नळावर आहे."

पहिला नंबर सुहृदचा आला. दुसरा, तिसरा आणखी कुणाकुणाचा. आमचं नाव कुठेच नाही. टाळ्या संपल्यावर बाईंनी माइकवर सांगितलं, "कुलपाच्या गाण्याला परीक्षकांची पसंती होती. पण मराठी कडव्यात लिंगाची चूक झाल्यामुळे ते स्पर्धेतून बाद करावं लागलं."

मी सतरंजीवरून उठले. "बाई, चूक कुणाची धरली?"

"पद्मजा, खाली बस."

"बसते. चूक कुणाची धरली तेवढं सांगा. माझी की हेरंबची?"

"निकाल जाहीर झालाय."

"सांगा की हो बाई," पहिल्या रांगेतले आजोबा म्हणाले. "पोरगी व्याकरणाचंच विचारतेय."

बाई माइकशी उभ्या राहिल्या. त्या खोटं बोलल्या असत्या तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण व्याकरणात खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

"तुझी," त्या म्हणाल्या.

"आणि त्याचं?"

"मूळ गाण्यात बोलणारी स्त्री आहे." बाईंनी चष्मा काढून हातात धरला. "त्यामुळे 'थांबले' हेच योग्य. हेरंबचं बरोबर होतं."

सगळ्या सभागृहाने ते ऐकलं. मंडळाच्या अध्यक्षांनी लगेच माइक घेतला आणि, दोघांची प्रवेशिका एकच असल्याने निर्णय बदलता येत नाही, असं सांगून चहापानाची घोषणा केली. म्हणजे त्याचं बरोबर होतं म्हणून माझं चूक निघालं, आणि माझं चूक निघालं म्हणून तो बाद! मी एकटीने 'थांबले' म्हटलं असतं तर भडकपणाचे गुण कापले असते. काहीतरी सापडलंच असतं. माझ्या जिभेवर खापर फोडून मी गप्प घरी जावं अशी त्यांची सोय होती. मी ती होऊ दिली नाही, आजही देत नाही.

पण तेव्हा एवढा विचार कुठला? तेव्हा मला एकच कळत होतं, की बाईंनी कबूल केलं. भर सभेत. मी चपलासुद्धा न घालता मैदानात धावले.

हेरंब नळाशी वाकून डोळ्यांवर पाणी मारत होता.

"हेरंब!" मी लांबूनच ओरडले. "बाईंनी मान्य केलं! माइकवर, सगळ्यांसमोर! तुझं बरोबर होतं!"

त्याने तोंड वर केलं. काजळ गालांवर ओघळलं होतं. बाहीने त्याने ते पुसलं, तर आणखीच पसरलं.

"ते मला ठाऊकच होतं गं," तो म्हणाला. "तिकिटाचं काय झालं?"